चार तासांचं ऑपरेशन

९ जानेवारी

बारक्या,

फोन ह्यांच्या कामाच्या टेबलाशेजारी आहे आणि ह्यांचे कान सुताराचे. फळी ठोकून आत कुठं पोकळ आहे ते ओळखणारा माणूस, माझ्या आवाजावरून काय ओळखणार नाही? म्हणून पत्र लिहितेय.

हे जेवत नाहीत. आधी वाटलं, माझ्याच हाताची चव गेली. चार घास खाल्ले की पोट भरलं म्हणतात, पाणी पितात आणि उठतात. दोन महिन्यांत मी ह्यांचे सदरे दोनदा आत घेतले. परवा तिसऱ्यांदा खांद्याची शिवण उसवली आणि माझा हातच चालेना. इथल्या डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून जठर बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा कागद सोबत जोडलाय. जेवढं कळलं तेवढं पुरे झालं मला. ह्यांना 'जठरात गाठ आहे, काढावी लागेल' एवढंच सांगितलंय. कॅन्सर हा शब्द या घरात कुणी उच्चारलेला नाही. तूही उच्चारायचा नाहीस.

आणि ऑपरेशन तू करायचंस. आपल्या माणसावर हात चालत नाही वगैरे तुझं पालुपद मला तोंडपाठ आहे. माझ्या मशीनखाली बसून चिंध्यांना टाके घालायचास तेव्हा तुला एका हातानं, दोऱ्याकडे न बघता गाठ मारायला कुणी शिकवलं? मग आता नखरे नकोत.

चिमणीला कळवलेलं नाही. बापलेकीचं बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली. तिला ह्यांचाच धंदा करायचा होता, आणि हे म्हणाले, पटाशी पोरीच्या हातात शोभत नाही. ती ताडकन उठून गेली आणि तिकडे लांबच्या शहरात स्वतःचा सुतारकामाचा कारखाना काढून बसली. बापाचा हट्ट अंगात भिनलेला, दुसरं काय. आता हेच मला आडून आडून विचारतात, 'तिच्याकडे लाकूड कुठून येतं गं?'

तुझी ताई


१५ जानेवारी

ताई,

पत्र एकदा वाचलं, कागद तीनदा. घेऊन ये त्यांना. मी एका सहकाऱ्याला करायला सांगणार होतो, पण तुझ्यापुढे माझं कधी चाललंय?

बावीस वर्षं मी पोटंच उघडतोय. जठर, आतडं, यकृत, स्वादुपिंड. इथं मला नावानं कुणी ओळखतच नाही. लिफ्टवालासुद्धा म्हणतो, 'पोटवाले, कितवा मजला?' माझे सर सांगायचे की पोटातला कॅन्सर मुका असतो, तो बोलायला लागतो तेव्हा त्याचं बरंचसं काम उरकलेलं असतं. भाऊजींचा किती बोलतोय ते उघडल्यावरच कळेल. तपासणीच्या फोटोंमध्ये तरी गाठ एकाच जागी दिसतेय, काढता येईल असं वाटतंय. तेव्हा आत्तापासून हातपाय गाळू नकोस.

ऑपरेशन चार तासांचं आहे. आठला आत नेईन, बारापर्यंत दाराकडे बघायचं नाही. शिवायला काहीतरी घेऊन ये. आणि मी बाहेर येईन तेव्हा माझ्या पायांकडे बघून हसू नकोस. आता वय झालं. चार-पाच तास उभं राहिलं की पाय असे सुजतात की बूट चढत नाहीत, म्हणून नातेवाइकांशी बोलायला मी थिएटरमधल्या रबरी स्लिपरा घालूनच जातो. मागे एका म्हातारबुवांनी मला वॉर्डबॉय समजून पाणी आणायला पिटाळलं. मी आणून दिलं, आणि मग सांगितलं की तुमच्या मुलाचं ऑपरेशन मीच केलंय.

तो शब्द मी उच्चारणार नाही. मला हे पटलंय असं समजू नकोस. पण घर तुझं, नवरा तुझा.

बारक्या


१९ फेब्रुवारी

बारक्या,

आम्ही सुखरूप पोचलो, त्याला आता बरेच दिवस झाले. टाके इथल्या डॉक्टरांनी काढले. 'हात कुणाचा आहे?' म्हणाले. मी म्हटलं, माझ्या भावाचा, आणि भावाला शिकवणारीचा.

हे गल्लीभर एकच गोष्ट सांगत फिरतात. शुद्धीवर आल्या आल्या ह्यांनी तुला विचारलं, 'निघालं का?' आणि तू म्हणालास, 'झालं काम, भाऊजी.' झालं काम! जो भेटेल त्याला ते तुझ्या आवाजात म्हणून दाखवतात. सुताराला यापरतं गोड वाक्य नाही, असं म्हणतात.

आणि बातमी म्हणजे, चिमणीकडे जायचं ठरलंय. स्वतः बोलले. पटाशांचा अख्खा संच आणि मोठा रंधा तिला द्यायचा. पण आत्ता नाही म्हणे. अंगात ताकद येऊ दे, पोरीच्या दारात काठी टेकत जाणार नाही. 

त्या दिवशी तुझे बूट छान चकचकीत होते. पॉलिश कोण करून देतं तुला?

तुला काही लिहायचं असलं तर लिही. पत्र मीच उघडते.

तुझी ताई


२६ फेब्रुवारी
(हे पत्र तेव्हा पाठवलं गेलं नाही.)

ताई,

भाऊजींच्या पोटातून मी गाठ काढलेली नाही.

पोट उघडल्यावर गाठीला लगेच हात लावायचा नाही, आधी सगळं घर फिरून यायचं, असं सरांनी शिकवलंय. यकृतापासून सुरुवात करून ओटीपोटापर्यंत. मला तेवढं लांब जावंच लागलं नाही. पोटाच्या आतल्या अस्तरावर जिकडेतिकडे पांढरे दाणे होते, मोहरीएवढे. फोटोत ते दिसत नाहीत, बोटांना लागतात. असं पसरलेलं असताना जठर कापून काही साधत नाही, माणसाला फक्त जखम सोसावी लागते. मी एक दाणा तपासायला घेतला आणि पोट शिवलं. सगळी मिळून चाळीस मिनिटं.

मग मी आत बसून राहिलो. भाऊजी आतल्याच खोलीत गुंगीत होते, आणि मी कपडे बदलायच्या खोलीत. ही सरांची पद्धत. ते म्हणायचे, 'लवकर बाहेर गेलास तर बाकावरची माणसं तुझ्या तोंडाआधी घड्याळाकडे बघतात. त्यांना तेवढी एक सकाळ तरी दे.' म्हणून जे पोट उघडून तसंच मिटावं लागतं, त्याच्यासाठी मी ठरलेली वेळ होईपर्यंत आत बसतो. चहा पितो. जुनी मासिकं चाळतो. बावीस वर्षं याला मी माणुसकी समजत आलो. त्या दिवशी भिंतीपलीकडे तू होतीस, आणि मला मासिकाचं पान उलटता येईना.

बाहेर येऊन तुला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं, असं ठरवून आलो होतो. तू घाईनं उठलीस, मांडीवरची बटणं फरशीवर सांडली, आणि तू विचारलंस, 'झालं?' मी म्हटलं, 'झालं.' मग आपण दोघं गुडघ्यांवर बसून बटणं वेचत राहिलो. त्यानंतर भाऊजींनी विचारलं, तेव्हा तोच शब्द तोंडात तयार होता.

त्यांच्याकडे तीन महिने आहेत, फार तर चार. गोळ्यांनी थोडंफार लांबेल. ताकद येण्याची वाट त्यांनी बघू नये. ताकद येणार नाही.


२६ फेब्रुवारी

ताई,

टाके चांगले भरून आले हे वाचून बरं वाटलं. गोळ्या वेळेवर दे. चिमणीकडे लवकर जाऊन या, सध्या हवाही चांगली आहे. बूट मीच पुसतो.

बारक्या


८ मार्च

डॉक्टर बारक्या,

तुझी ताई गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेलीय, तेवढ्यात लिहून घेतो. मलाही एक माप हवंय. तू काढलीस ती गाठ केवढी होती? लिंबाएवढी, मुठीएवढी असलं सांगू नकोस. इंचात सांग. जन्मभर मी जे कापलं ते मापून कापलं, आणि माझ्या पोटातलंच कापलेलं मला ठाऊक नसावं, हे काही बरं दिसत नाही.

आठ पटाशांपैकी सहांना धार लावून झाली. रोज थोडं थोडं करतो, फार वेळ बसवत नाही. चिमणीला मी जे बोललो होतो ते तुला माहीत आहेच. ते शब्द मला परत घ्यायचेत. फोनवर ते जमायचं नाही. फोनवर मी नुसता घसा खाकरत राहीन. समोर उभं राहून घ्यायचेत, तेही स्वतःच्या पायांवर. हत्यारांची पेटी मी स्वतः उचलून तिच्या उंबऱ्यावर ठेवणार. पेटी अकरा किलोची. आज गुडघ्यापर्यंत उचलली. महिन्याभरात खांद्यावर घेतो की नाही बघ.

तू माझं काम केलंस. तुला एक चांगली खुर्ची करून देणार आहे, पाय टेकायला फळी असलेली. ताई सांगत होती तुझे पाय सुजतात.

भाऊजी


१४ मार्च

भाऊजी,

सव्वादोन इंच लांब, दीड इंच रुंद.

पेटी हमाल उचलेल. खांद्यावर घ्यायची वाट बघू नका, याच आठवड्यात निघा. प्रवासाला माझी काहीही हरकत नाही. खरंच सांगतो, आत्ताच जा.

खुर्चीची घाई नाही.

बारक्या


२ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र ह्यांच्या खिशातच असतं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवतात आणि वर म्हणतात, 'डॉक्टर स्वतः लिहितो की आत्ता प्रवास केला तरी चालेल. म्हणजे बघा मी किती ठणठणीत आहे! मग कशाला धावाधाव?' आता मे महिन्यात जायचं चाललंय. सव्वादोन इंचाचा एक लाकडी ठोकळा करून कपाटावर ठेवलाय. ती गाठ म्हणे.

आणि पोट सुटलंय. पँटच्या कमरेला मी दोन बोटं सोडली, मागच्या आठवड्यात आणखी दोन. आरशासमोर बाजूनं उभे राहून पोटावर थापटी मारतात आणि मला हाक मारतात, 'बघ, अंगाला लागायला लागलं.' त्याच दिवशी मी ह्यांच्या सदऱ्याचे खांदे पुन्हा आत घेतले. चाळीस वर्षं मी मापं घेतेय. कमरेला वाढणारा आणि त्याच वेळी खांद्याला आटणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय. तुला काय वाटतं?

पेटी आता गुडघ्यापर्यंतही उचलत नाहीत. ती दाराजवळ नेऊन ठेवलीय, पायानं थोडी सरकवतात.

तुझी ताई


७ एप्रिल

ताई,

ते अंगाला लागलेलं नाही. पोटात पाणी भरतंय. रविवारी सकाळी मी येतोय. चिमणीला मी फोन केला. तिला मंगळवारच्या आधी गाडी नाही.

बाकीचं तोंडानंच सांगतो. खूप आधी सांगायला हवं होतं.

बारक्या


११ मे

बारक्या,

सगळं उरकल्यावर तू घाईनं निघून गेलास, ते बरं केलंस. तेव्हा मी काहीतरी भलतंच बोलून बसले असते. आता महिना झालाय. आता शांतपणे लिहिते.

तू रविवारी आलास, सुई घालून पोटातलं पाणी काढलंस. हे त्या बाटल्यांकडे बघत होते. एक भरली, दुसरी भरली, तिसरी लावलीस. मग तुला म्हणाले, 'हे सगळं माझं सुटलेलं पोट?' तू 'हो' म्हणून मान डोलावलीस. मग त्यांनी कपाटावरच्या ठोकळ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'मग तू काढलंस ते काय?' आपल्या दोघांची तोंडं बघून त्यांना समजलं. रागावले नाहीत. मला वाटत होतं निदान एक शिवी तरी देतील. नुसतं विचारलं, 'चिमणी कधी येतेय?' मी म्हटलं, मंगळवारी. तर म्हणाले, 'मंगळवार लांब आहे गं.'

आणि लांबच होता. सोमवारी दुखणं असं उसळलं की तुला ह्यांना गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागलं. त्यासाठी मी तुला बोल लावत नाही, ते कळवळणं मलाच बघवत नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी चिमणी दारात आली तेव्हा हे गाढ झोपेत होते, ते पुन्हा उठलेच नाहीत. दोन दिवस ती ह्यांच्या कानाशी बोलत बसली. गुरुवारी सकाळी गेले. त्यानंतर तिनं ती पेटी उघडली, एक पटाशी काढली आणि अंगठ्यानं धार बघितली. मला म्हणाली, 'आई, ही किती वेळा लावली? पातं निम्मं झिजलंय.' हे महिनाभर त्याच सहा पटाशा पुन्हा पुन्हा घासत होते. दोन तशाच राहिल्या. ताकद येईपर्यंत काहीतरी करायला हवं ना.

आता माझं ऐक. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तू बारा वाजता बाहेर आलास तो बूट घालून. बटणं वेचताना तुझे बूट माझ्या नाकासमोर होते. सुजलेल्या पायांचा माणूस चार तास उभा राहून त्या बुटात शिरला कसा? मग ह्यांची जखम मी रोज पुसत होते. वीतभरसुद्धा नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं जठर काढलेलं, त्याला बरगडीपासून बेंबीखालपर्यंत टाके आणि दोन्ही बाजूंना नळ्या. ह्यांना एक नळी नाही. मी पिशव्या शिवते, बारक्या. केवढ्या तोंडातून केवढी वस्तू बाहेर येते हे मला नको सांगूस.

मग मी बोलले का नाही? तू खोटं बोलताना तुझा चेहरा असा झाला होता, की वाटलं, याला उघडं पाडलं तर हा पुन्हा कुणाच्या पोटाला हात लावणार नाही. म्हणून तुला पत्रांतून चिमटे काढत राहिले, की आज बोलशील, उद्या बोलशील. आणि तू मला धक्का बसू नये म्हणून गप्प. आपण बहीणभाऊ एकमेकांना जपत बसलो, आणि ज्याचं पोट होतं तो माणूस आपल्या दोघांमध्ये बसून पटाशा घासत होता. फेब्रुवारीत ते जिना चढत होते. फेब्रुवारीत ते चिमणीच्या दारात उभे राहू शकले असते.

तो शब्द उच्चारू नकोस हे मीच तुला बजावलं होतं. म्हणून सगळा दोष तुझ्यावर टाकत नाही. अर्धा टाकते. उरलेला अर्धा माझ्याजवळ आहे आणि तो मला झोपू देत नाही.

आता मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. खरं लिहायला जमेल तेव्हा लिही.

ताई


३० ऑक्टोबर

ताई,

सोबत एक जुनं पत्र आहे, २६ फेब्रुवारीचं. लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. ते तुझं आहे.

मधले महिने मी काम करत होतो. सोडून द्यायचा विचार आला होता, खोटं कशाला सांगू. पण सोडून दुसरं काय येतं मला?

गेल्या आठवड्यात एक रंगारी होता, इमारतींना बाहेरून रंग देणारा. स्वादुपिंडात गाठ. बायको बाकावर बसलेली, मांडीवर त्याचा डबा आणि चष्मा. ऑपरेशन पाच तासांचं सांगितलं होतं. नऊला पोट उघडलं, आत हात घातला, आणि तेच दाणे. पावणेदहाला शेवटचा टाका घातला. सिस्टर सवयीनं म्हणाली, 'चहा सांगू?' मी नको म्हटलं. हात धुतले, बूट घातले आणि बाहेर आलो.

सर म्हणायचे ते खरं आहे. तिनं आधी घड्याळाकडेच बघितलं. मग माझ्याकडे. मी तिच्याशेजारी बाकावर बसलो आणि सांगितलं. ती रडली नाही, माझी बाही धरून एकच म्हणत राहिली, 'त्यांना सांगू नका, डॉक्टर. हाय खातील.' जवळजवळ तुझेच शब्द. मी म्हटलं, 'त्यांनी विचारलं तर मी सांगणार. तुम्ही तेव्हा त्यांच्याजवळ राहा.' तिनं माझी बाही झटकून टाकली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

संध्याकाळी तो नीट शुद्धीवर आला. पहिला प्रश्न तोच, 'निघालं का?'

मी 'नाही' म्हटलं, ताई. तोंडातून निघताना तो शब्द फार जड गेला. पुढचं सगळं सांगितलं, कॅन्सर हा शब्दही उच्चारला. त्यानं बायकोकडून चष्मा मागून घेतला आणि डोळ्यांवर चढवला. मला वाटलं, हे मी काय करून बसलो. मग त्यानं विचारलं, 'घरी कधी सोडता?' मी म्हटलं, चार दिवसांत.

चौथ्या दिवशी तो घरी गेलाच नाही. त्याची आई दुसऱ्या गावी असते, दहा वर्षं भेट नव्हती. का, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बायकोनं पिशवी भरली आणि दोघं हॉस्पिटलातूनच थेट स्टेशनवर गेले. मी म्हटलं, अहो, टाके अजून ओले आहेत, निदान ते काढून जा.

म्हणाला, 'तिकडे कुणीतरी काढेल.'

बारक्या